वीस टनांतला एक ग्रॅम: सिमेंट भट्टीच्या इंधनात काम करू पाहणाऱ्यांसाठी

मिरजेजवळ सुक्या कचऱ्यापासून सिमेंट भट्टीचं इंधन बनवणाऱ्या आमच्या शेडवर दर उन्हाळ्यात चार-पाच पोरं-पोरी शिकायला येतात. बहुतेक बीएस्सी केमिस्ट्रीची, एखाद-दुसरा डिप्लोमावाला. पहिल्या दिवशी चहा पिताना एक प्रश्न हमखास येतो. ‘‘सर, सांगली-साताऱ्यात सिमेंटची भट्टीच नाही. मग इथं कचऱ्याच्या ढिगाजवळ उभं राहून आम्ही सिमेंटचं काय शिकणार?’’

मी त्यांना घरातली फरशी आठवायला सांगतो. आपल्याकडं जुन्या घरांत स्वयंपाकघराला शहाबादी फरशी असायचीच. तो चुनखडीचा दगड. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, आणि त्याच पट्ट्यात वाडी, मळखेड, सेडम इथं सिमेंटच्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत. आपल्या पायाखाली मात्र काळा बेसाल्ट. अजिंक्यताऱ्याच्या तटाला तो उत्तम, पण सिमेंटला चुना लागतो आणि तो या दगडात पुरेसा नाही. एक टन क्लिंकर (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) करायला साधारण दीड टन कच्चा माल लागतो, त्यात मुख्य चुनखडी. एवढा दगड लांबून आणणं कुणाला परवडत नाही, म्हणून भट्टी खाणीजवळच उभी राहते. महाराष्ट्रात चंद्रपूरकडं गडचांदूर-आवारपूर, कर्नाटकात कलबुर्गी आणि बागलकोट.

दगड तिकडं आहे, पण भट्टीला लागणाऱ्या इंधनाचा एक भाग आता गावोगावच्या सुक्या कचऱ्यातून जातो. त्यामुळं या कामाचे दोन तुकडे झालेत. निम्मं काम भट्टीपाशी, निम्मं आपल्या गावाच्या वेशीवर. मी दोन्हीकडं काम केलंय. आठ वर्षं कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात, आधी प्रयोगशाळेत आणि मग पर्यायी इंधन विभागात, ज्याला तिथं सगळे ‘एएफआर’ म्हणतात. आता इथं कचऱ्यापासून इंधन तयार करणाऱ्या शेडवर. नव्यानं येणाऱ्यांनी सुरुवात ढिगापासून करावी, कंट्रोल रूमपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते का बनलं, तेच इथं सांगतोय.

मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातला. विलिंग्डन कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो. वर्गातली पोरं औषध कंपन्यांच्या मागं होती, काही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गळीत हंगामापुरती लागली. मीही दोन हंगाम साखर कारखान्यात काढले. ते वाया गेले असं तेव्हा वाटायचं. प्रत्यक्षात भट्टीवर माझ्या सगळ्यात जास्त कामी आले ते तेच दोन हंगाम. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं आणि बॉयलरवरचा माणूस त्या पाण्याशी रोज झुंजत असतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. ओलं इंधन म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही. साखर कारखान्यात काम केलेलं असेल तर ते लपवू नका, मुलाखतीत आधी तेच सांगा.

आता भट्टीबद्दल. दगडाची बारीक पूड, म्हणजे रॉ मील, उंच प्रीहीटर टॉवरच्या माथ्यावरून सोडतात. पाच-सहा सायक्लोनमधून, म्हणजे वायू आणि पूड वेगळी करणाऱ्या मोठ्या नरसाळ्यांमधून, खाली येता येता ती गरम वायूत तापते. कॅल्सायनरमध्ये ८५० ते ९०० अंशांच्या आसपास चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग ती आडव्या, जरा उताराच्या, सावकाश फिरणाऱ्या लोखंडी भट्टीत शिरते. तिथं माल १४५० अंशांपर्यंत तापतो, ज्योत २००० अंशांच्या घरात असते, आणि शेवटी सुपारीएवढे काळपट गोळे बाहेर पडतात. ते क्लिंकर. त्यात जिप्सम घालून दळलं की सिमेंट. मी पहिल्यांदा निळ्या काचेतून आत पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नव्हता. दगड तिथं अर्धवट वितळून कडेनं वर चढत होता आणि परत घरंगळत होता.

कचऱ्यापासूनच्या इंधनाला हीच भट्टी का योग्य, याची तीन कारणं पाठ नका करू, समजून घ्या. तापमान इतकं आणि वायू आत इतका वेळ राहतो की सेंद्रिय पदार्थ पूर्ण तुटतात. आतलं सगळं वातावरण चुन्याचं, म्हणजे आम्लधर्मी वायू तिथंच धरले जातात. आणि राख उरत नाही. साध्या भस्मीकरण यंत्रात राख उरते आणि ती कुठंतरी पुरावी लागते. इथं राखेतला सिलिका, लोह, ॲल्युमिना क्लिंकरचाच भाग होतो. म्हणूनच याला जाळणं न म्हणता को-प्रोसेसिंग म्हणतात. राख सिमेंटमध्ये जाणार, म्हणजे ती किती आणि कसली हे आधी माहीत असलं पाहिजे. केमिस्टची गरज इथं सुरू होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण कारखान्यांच्या माहितीपत्रकात ती ठळक नसते. सिमेंटमधून जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला साधारण ६० टक्के खुद्द चुनखडीतून निघतो. इंधन काहीही वापरा, तो निघणारच. त्यामुळं कचऱ्याचं इंधन वापरलं की सिमेंट स्वच्छ झालं, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. कोळसा आणि पेटकोक (तेल शुद्धीकरणात उरणारं कोळशासारखं इंधन) वाचतो आणि कचरा डेपोचा डोंगर कमी होतो, हे मात्र खरं. मला तेवढं पुरेसं मोठं वाटतं.

किती वाचतो? हे गणित मी प्रत्येक बॅचला फळ्यावर करायला लावतो. दिवसाला ५००० टन क्लिंकर काढणारी भट्टी धरा. एका किलो क्लिंकरला ७२० किलोकॅलरी लागतात असं धरा. दिवसाची गरज झाली ३६० कोटी किलोकॅलरी. यातली ५ टक्के उष्णता कचऱ्याच्या इंधनातून द्यायची, म्हणजे १८ कोटी. इंधनाचा उष्मांक किलोला ३००० असेल तर रोज ६० टन. वीस-वीस टनांच्या तीन गाड्या, रोज, न चुकता. या टक्केवारीला टीएसआर म्हणतात आणि मुलाखतीत ती विचारतातच. ५ टक्क्यांना तीन गाड्या लागतात हे ज्याला तोंडी काढता येतं, त्याला बाकीचे प्रश्न सौम्य येतात.

या तीन गाड्या एकमेकींसारख्या असल्या पाहिजेत, खरी मेख इथं आहे. कोळसा खाणीतून येतो, त्यातही फरक असतो, पण तो ओळखीचा फरक. कचरा सोमवारचा वेगळा, दिवाळीनंतरचा वेगळा, यात्रेनंतरचा त्याहून वेगळा. भट्टीला चांगलं-वाईट इंधन दोन्ही चालवून घेता येतं, पण तासातासाला बदलणारं इंधन तिला सोसत नाही. कंट्रोल रूममधला ऑपरेटर एका उष्मांकाचा हिशेब धरून बसलेला असतो. अचानक ओला माल आला की तापमान पडतं, अचानक नुसतं प्लॅस्टिक आलं की हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड उसळतो.

मी हे शिकलो ते चूक करून. कारखान्यात माझं दुसरं वर्ष, जूनचा महिना, पाऊस धरलेला. एका शहराकडून आरडीएफच्या गासड्या येत होत्या. आरडीएफ म्हणजे सुक्या कचऱ्यातून काच, लोखंड, माती आणि विकता येण्याजोगं सगळं काढून उरलेलं जळाऊ मिश्रण. गाडी आली की नमुना घ्यायचं काम माझं. पावसात ताडपत्री पूर्ण सोडायची, आतल्या गासड्या खाली घ्यायच्या, याला तास-दीड तास जायचा. मागचं फाळकं उघडून हाताला येईल तिथून मी पिशवी भरायचो. निकाल छान यायचे. ओलावा १८ टक्के, क्लोरीन ०.६. मी सही करायचो. तीन दिवसांत तशा सात गाड्या मी आत सोडल्या.

चौथ्या रात्री खालचा सायक्लोन तुंबला. भट्टी थांबवावी लागली. सायक्लोन तुंबला की त्याच्या अंगावरच्या छोट्या झडपा उघडून लांब पाइपनं हवेचा झोत मारून आतली गाठ फोडायची असते. पोकिंग म्हणतात त्याला. चंदेरी सूट घातलेली माणसं हे करतात, आणि सिमेंट कारखान्यात याच्याइतकं धोक्याचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आतली पूड आठशे-नऊशे अंशांची असते आणि ती पुडीसारखी पडत नाही, पाण्यासारखी वाहते. त्या रात्री गाठ एकदम सुटली आणि पांढरट लाल धार झडपेतून बाहेर आली. माणसं बाजूला उभी होती, शिकवल्याप्रमाणं. कुणाला काही झालं नाही. मी दोन मजले खाली होतो. तो आवाज अजून कानात आहे.

सकाळी उरलेल्या गासड्या फोडल्या. मधल्या थरात फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, उद्घाटनाचे, निवडणुकीचे फ्लेक्स, घड्या घालून दाबलेले. फ्लेक्सवर पीव्हीसीचा थर असतो, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. हा क्लोरीन भट्टीत पोटॅशियम-सोडियमशी जोडला जाऊन क्षार होतो, उष्ण भागात त्याची वाफ होते, वायूबरोबर मागं प्रीहीटरकडं जाते, तिथल्या थंड भागात पुडीवर बसते, पुडीबरोबर परत खाली येते, परत वाफ. बाहेर जायला फारशी वाट नाही. गोल गोल फिरत साठत राहतो आणि पुडीला चिकट करतो. एका गाडीनं काही होत नाही. सात गाड्यांनी होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. भट्टीच्या तोंडाशी येणाऱ्या गरम पुडीतला क्लोरीन रोज मोजतात. ते आकडे माझ्याच अक्षरात रजिस्टरला होते. पहिल्या दिवशी ०.९ टक्के, दुसऱ्या दिवशी १.३, तिसऱ्या दिवशी १.९. गाड्यांचं रजिस्टर एका टेबलावर, पुडीचं दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्हींवर लिहिणारा मीच. मी ती दोन पानं शेजारी ठेवून पाहिली नाहीत. आमचे वरिष्ठ केमिस्ट गुलबर्ग्याकडचे, मराठी-कानडी मिसळून बोलायचे. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘नमुना तू घेतलास, का गाडीनं दिला तो घेतलास?’’

म्हणून नमुना कसा घ्यायचा, यावर मी शेडमध्ये पहिले दोन आठवडे घालवतो. पोरांना कंटाळा येतो हे मला कळतं. उष्मांक मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये एका वेळी साधारण एक ग्रॅम माल जातो. गाडी वीस टनांची, म्हणजे दोन कोटी ग्रॅम. दोन कोटींतला एक ग्रॅम गाडीच्या वतीनं बोलणार असतो. तो खोटं बोलला तर पुढचं लाखो रुपयांचं यंत्र खोटंच छापणार, तेही दशांशचिन्हाच्या दोन घरांपर्यंत.

तर गासड्या वरच्या, मधल्या, तळच्या, आणि केबिनच्या बाजूच्याही उतरवायच्या. प्रत्येकीची तार तोडून पोटातला माल काढायचा. सगळं फरशीवर एकत्र करून फावड्यानं शंकूसारखा ढीग करायचा, माथा दाबून सपाट करायचा, चार वाटण्या करायच्या, समोरासमोरच्या दोन ठेवायच्या, दोन टाकायच्या. परत शंकू, परत चार वाटण्या. किलोभर उरेपर्यंत. यात मोह एकच असतो. चपलेचा तळ, ओला कपडा असं काही वाटणीत आलं की हात आपोआप ते बाजूला सारतो, कारण ते दळायला त्रास देतं. सारायचं नाही. गाडीत ते आहे, तर नमुन्यात ते असणार. मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ओलावा, मफल भट्टीत (लॅबमधली छोटी भट्टी) राख, दळलेल्या मालाचा कॅलरीमीटरमध्ये उष्मांक. कॅलरीमीटरचा बॉम्ब (ज्यात माल जळतो ते बंद भांडं) उघडल्यावर आतून धुतलेलं पाणी फेकू नका, त्यात क्लोरीन उतरलेला असतो. सिल्व्हर नायट्रेटनं टायट्रेशन, जे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला केलेलं असतं, तेच.

पण शेडवर प्रत्येक वस्तू लॅबमध्ये नेता येत नाही. तिथं डोळे आणि हात. आमच्याकडं सरकत्या पट्ट्यावर वर्गीकरण करणाऱ्या एक मावशी आहेत, वीसेक वर्षं कचरा वेचलेल्या. पहिल्यांदा त्या मला म्हणाल्या, ‘‘साहेब, यो कागद न्हाई, रबर हाय,’’ आणि फ्लेक्सचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. दुमडल्यावर तो कसा पडून राहतो, दूध पिशवी कशी उसळते, हे त्यांनी दाखवलं. मी त्यांना माझ्याकडची युक्ती दाखवली. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लॅस्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. (नखाएवढा तुकडा, धूर ओढणाऱ्या कपाटात, आणि नाक लांब.) मावशींनी डोळ्यांनी काढलेले दहा तुकडे तारेवर धरले. दहाही हिरवे. त्यांची कमाई आमच्यापेक्षा कमी आहे, हे मला तेव्हाही बोचलं, आजही बोचतं. शिकाऊ पोरांना मी आठवडाभर त्यांच्या हाताखाली पट्ट्यावर उभं करतो आणि त्यांना मावशीच म्हणायला सांगतो.

आपल्या भागाचा कचरा ओळखायला शिका, ते कुठल्याच पुस्तकात नाही. तासगाव-पलूसकडं ठिबकच्या जुन्या लॅटरल, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्या, येतात. त्या पॉलिथिनच्या, पाण्यावर तरंगतात. त्या भट्टीत घालणं म्हणजे पैसे जाळणं, त्या पुनर्प्रक्रियेला द्यायच्या. त्याच शेतातली सबमेन, म्हणजे त्यांना पाणी पुरवणारी जाड पाइप, मात्र पीव्हीसीची, पाण्यात बुडते, ती चुकून आली तर वेगळी काढायची. मल्चिंग पेपरचं प्लॅस्टिक चांगलं, पण अर्धं वजन मातीचं, म्हणजे राख. कीटकनाशकांचे डबे तर वेगळेच ठेवायचे, त्यांची वाट वेगळी आहे. चिप्स-शाम्पूची अनेक पदरी पाकिटं, जी भंगारवाला हातात धरत नाही, ती भट्टीसाठी सगळ्यात योग्य. जे परत वापरता येतं ते जाळायचं नाही, हा क्रम मोडू नका. टीएसआर वाढवायच्या नादात तो मोडलेला मी पाहिलाय.

आणि पाणी. समजा कोरड्या मालाचा उष्मांक ४२०० आहे. ओलावा १५ टक्के असेल तर हातात साधारण ३४८० येतो. ३५ टक्के असेल तर २५२५. कारण पाणी स्वतः जळत नाही आणि किलोमागं पावणेसहाशे-सहाशे किलोकॅलरी घेऊन वाफ होतं. वीस टनांच्या गाडीत १५ आणि ३५ टक्क्यांतला फरक चार टन पाण्याचा. ते चार टन पाणी डिझेल जाळून मिरजेहून कलबुर्गीला न्यायचं आणि तिथं भट्टीची उष्णता खर्चून उडवायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या इर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा मी रजा काढून बहिणीचं घर धुवायला आलो होतो. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, उश्या, फुगलेलं फर्निचर, आंबलेलं धान्य, वह्या-पुस्तकं. कुणीतरी म्हणालं, ‘‘तुमच्या भट्टीला न्या की हे सगळं.’’ एरवी त्यातलं निम्मं सहज जळलं असतं. पण पुराचा गाळ आत मुरला होता, म्हणजे पाणी आणि राख दोन्ही. मला नाही म्हणावं लागलं. परत आल्यावर मी गावाकडं काम शोधायला लागलो. कचरा ओला नि सुका वेगळा ठेवणं आणि सुका सुकाच राहणं, हे भट्टीवर बसून होत नव्हतं. ते होतं घरात आणि शेडवर. हे बघायचं असेल तर कराडला जा. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं होतं.

नियम वाचायची सवय आत्तापासून लावा. बहुतेक जण टाळतात, म्हणून ज्यानं वाचलेत तो लगेच उठून दिसतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये १५०० किलोकॅलरीपेक्षा जास्त उष्मांकाचा कचरा पुरू नये असं म्हटलं होतं, आणि आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या इंधन वापरणाऱ्या उद्योगांनी किमान ५ टक्के आरडीएफ वापरावं असंही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आरडीएफचे दर्जे आहेत. तिसऱ्या दर्जाला ३००० च्या वर उष्मांक, २० टक्क्यांच्या आत ओलावा, १ टक्क्याच्या आत क्लोरीन. पहिल्या दर्जाला ४५०० च्या वर, १० च्या आत आणि ०.५ च्या आत. को-प्रोसेसिंग करणाऱ्या भट्ट्यांच्या धुराड्याचे निकष मे २०१६ मधले. धूळ घनमीटरला ३० मिलिग्रॅम, डायऑक्सिन-फ्युरान ही विषारी संयुगं ०.१ नॅनोग्रॅम. भट्टी पेटवताना आणि बंद करताना हे इंधन द्यायचं नसतं. जैववैद्यकीय कचरा, बॅटऱ्या, ई-कचरा, ॲस्बेस्टॉस आणि न वेगळा केलेला शहरी कचरा भट्टीत जात नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा ताजी अधिसूचना मूळातूनच वाचा, कुणी पुढं पाठवलेला सारांश नको.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. पट्ट्यावर हातमोज्याशिवाय उभं राहायचं नाही, सुया येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच या. दाबून ठेवलेला ढीग आतून तापतो, रोज बघायचा, हात घालून नव्हे, तापमापी खुपसून. आणि लिथियमचे सेल. खेळण्यातला, इअरफोनमधला बोटाएवढा सेल श्रेडरच्या पात्याखाली आला की ठिणगी पडते. एका एप्रिलमध्ये त्यानंच आमचा अर्धा ढीग गेला. दुपारची वेळ होती म्हणून माणसं जागी होती.

कामाला लागायच्या वाटा बऱ्याच आहेत. बीएस्सी, एमएस्सीवाल्यांना कारखान्याची गुणवत्ता प्रयोगशाळा, तिथून एएफआर. केमिकल, मेकॅनिकल डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना प्रोसेस किंवा देखभाल, आधी प्रशिक्षणार्थी म्हणून. शासनाच्या शिकाऊ उमेदवारी योजनेतून येणारेही बरेच असतात. सिमेंटमध्येच राहायचं पक्कं असेल तर बल्लभगडच्या राष्ट्रीय सिमेंट परिषदेचा वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमा उपयोगी आहे. माझा सल्ला विचाराल तर आधी वर्षभर आपल्याच भागात एखाद्या शेडवर किंवा पर्यावरण प्रयोगशाळेत काढा, मग भट्टीकडं जा.

तिकडं गेल्यावर कॉलनीत राहावं लागतं, गाव लांब असतं, रात्रपाळी चुकत नाही. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, सोलापूर करत गाडी जाते. पहिले सहा महिने घरची आठवण येते. पण ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आपल्यासारखीच असते, आणि कामापुरतं कानडी चार महिन्यांत येतं. पोकिंगवाल्यांशी, लोडरवाल्यांशी त्यांच्या भाषेत बोला. भट्टीचा आवाज बदलला हे कंट्रोल रूमच्या पडद्याआधी त्यांना कळतं.

या मेमध्ये तासगावचीच एक मुलगी आली होती. तिसऱ्या आठवड्यात गाडी भरून उभी होती, कलबुर्गीला जाणारी. नमुना तिनं घेतला होता, निकाल आला होता, ओलावा १६. फक्त सही राहिली होती. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘ताई, टाका की सही, उजेडात जत गाठायचंय.’’ ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली, ‘‘सर, केबिनकडच्या गासड्या मी बघितल्याच नाहीत. त्या सकाळी शेडच्या गळक्या कोपऱ्यात होत्या.’’ मी काही बोललो नाही. तिनं गाडी खाली करायला लावली. ड्रायव्हर वैतागला, हमाल वैतागले. मावशी तेवढ्या उठल्या आणि तारा तोडायला बसल्या. आठ गासड्या ओल्या निघाल्या, पोटात ३१ टक्के. त्या सुकायला टाकून दुसऱ्या चढवेपर्यंत, नमुना परत काढून ओव्हनमधून येईपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले. चिठ्ठीवर १७ आला, तिनं सही केली.

‘‘आता जतला जेवायला काय मिळायचं न्हाई,’’ ड्रायव्हर चिठ्ठी खिशात घालत म्हणाला. मावशींनी आपल्या डब्यातल्या दोन भाकरी आणि ठेचा कागदात बांधून त्याच्या हातात दिला.